मोजले कोणाला?



दिवाळीनंतर वरोरा तालुक्यातल्या एका गावी बैठक होती. विषय होता कापसाच्या भावाचा, पण दाराशी बसलेल्या एका बाईने हात वर केला आणि बैठक वेगळ्याच वाटेला लागली. बाईचे वय पंचावन्नच्या घरात. म्हणाली, "भाऊ, तुम्ही शेतीचं शिकले, म्हणून इचारतो. डॉक्टरनं माही शुगर पाह्यली. म्हणे, रोज सकाळी अर्धा घंटा फिरत जा, व्यायाम करत जा. म्या म्हटलं, साहेब, मी सकाळी सात वाजता वावरात जातो, दिवसभर वाकून कापूस येचतो, सांजच्याले गाठोडं डोक्यावर घेऊन येतो. आता फिरू कधी? तं ते हासले अन् पुढच्या माणसाले बलावलं."

सारी बैठक हसली. बाई हसली नाही. तिने पुढे विचारले, "हा डॉक्टर कोणाले पाहून शिकला असन?"

मी त्या रात्री भावाचे भाषण केले आणि घरी आलो. उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कृषी पदवी घेताना चार वर्षांत आम्हाला शंभर प्रयोगांचे निष्कर्ष पाठ करायला लावले. पण प्रयोग कोणाच्या जमिनीवर झाला, कोणाच्या अंगावर झाला, आणि मुळात प्रश्न कोणी विचारला, हे विचारायला एकाही मास्तराने शिकवले नाही. ते त्या बाईने शिकवले. आज वर्तमानपत्र उघडावे तर रोज एक बातमी असते, "संशोधकांना असे आढळले आहे की". ज्वारी खा, भात सोडा, दहा हजार पावले चाला, हे बियाणे लावा, ते औषध फवारा. यातले काही खरे असते, काही अर्धे खरे असते. पारखायचे कसे, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

आधी बाईच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. डॉक्टर कोणाला पाहून शिकला? लंडनच्या बसमधल्या लोकांना पाहून. ही थट्टा नाही. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या नोकरांची तुलना प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून तिकिटे फाडणारा. पगारात, राहणीत फार फरक नाही. तरी हृदयविकार ड्रायव्हरला जास्त आणि कंडक्टरला कमी आढळला. व्यायामाने हृदय टिकते या आजच्या साऱ्या उपदेशाच्या पायात हा एक मोठा दगड आहे. संशोधन चोख होते. पण ते बसणाऱ्या माणसाच्या दुखण्याचे उत्तर होते. पुढची सत्तर वर्षे हे शास्त्र बहुतेक खुर्चीवरच्या माणसालाच मोजत राहिले, कारण मोजणारेही खुर्चीवरचे होते.

अलीकडे कोठे दुसरी बाजू मोजली गेली. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हौसेने केलेली हालचाल हृदयाला फायद्याची ठरली. पोटासाठी दिवसभर केलेली अंगमेहनत मात्र तशी फायद्याची ठरली नाही, उलट जोखीम वाढलेली दिसली. शास्त्रज्ञ याला विरोधाभास म्हणतात. वावरात राबणाऱ्याला यात विरोधाभास कसला दिसणार? एकजण मनाला येईल तेव्हा थांबतो, पाणी पितो, घरी जाऊन जेवतो, झोपतो. दुसऱ्याला मुकादम थांबू देत नाही. एकाचे शरीर कामानंतर भरून निघते, दुसऱ्याचे झिजते. अर्थात डेन्मार्कचा मजूर म्हणजे वरोऱ्याची कापूस वेचणारी बाई नव्हे. तिथे कोणी चाळीस अंशांत निंदण करत नाही. म्हणून तो निष्कर्षही जसाच्या तसा इथे लावू नये. (आणि एक स्पष्ट सांगतो, डॉक्टरने शुगरची, बीपीची गोळी दिली असेल तर ती या लेखाच्या भरवशावर कोणी बंद करू नये. आजार गावातही आहेत. सल्ला अपुरा असला म्हणून गोळी खोटी ठरत नाही.)

मग आपल्या मुलखात कष्टाचे मोजमाप कोणी केलेच नाही काय? केले आहे, आणि ते प्रत्येक कास्तकाराच्या घराशी निगडित आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची नोंद ठेवली. किती खातात, काय खातात, किती काम करतात, आणि पोरगे किती वजनाचे जन्मते. इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्या खेड्यातल्या बाळांचे पावणेतीन किलोच्याही किंचित खाली. बाळ दिसायला काटकुळे, पण अंगातली चरबी त्या मानाने शाबूत, मांस मात्र कमी. हेच बाळ मोठे होऊन जरा सुटले की शुगरला लवकर बळी पडते, असा त्यांचा सिद्धान्त जगभर गाजला. त्याच अभ्यासात आघारकर संस्थेच्या शोभा राव यांनी बायांच्या कामाचा हिशेब मांडला. पोटुशी असताना शेतातले काम आणि पाणी भरणे ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळे लहान भरली. आणि हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध ज्यांच्या खाण्यात वारंवार, त्यांची बाळे भरदार.

आता हे जोडून पाहा. त्या बाईला शुगर आज झाली. पण तिच्या आईने ती पोटात असताना निंदण-खुरपण केले, अर्ध्या पोटी केले, त्याचा हिशेब कदाचित आज फिटतो आहे. तिला सकाळी अर्धा घंटा फिरायला सांगणे म्हणजे कर्जबाजाऱ्याला बचतीचा उपदेश करण्यासारखे आहे. आणि धुऱ्यावरची तांदूळजा, चिवळ, अंबाडी आपण तणनाशक मारून जाळली, ती भाजी या हिशेबात कोठे धरायची? मी शेतीशास्त्र शिकलो, तेव्हा आम्हाला ती फक्त "तण" म्हणून ओळखायला शिकवली होती.

कष्टाच्या मोजमापाचा दुसरा नमुना तर सरळ पैशाचा आहे, आणि तो आपल्या चळवळीच्या फार जवळचा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला चार रुपये मजुरी होती. हा दर पागे समितीच्या हिशेबावर उभा होता, आणि तो हिशेब शास्त्रीय म्हणवला जात होता. माणसाला जगायला अन्न किती लागते, त्याचे पैसे किती, असा. तेव्हा वर्ध्याकडे काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी तो हिशेब उघडून पाहिला. मजुराच्या शरीराला लागणारे अन्न आणि त्याच्या कुटुंबाची गरज धरण्यातच चुका होत्या. सुधारून मांडले तेव्हा दर आला बारा रुपये. त्यांनी तो छापला, मजुरांच्या संघटनांनी तो हाती घेतला, आणि पुढे सरकारला मजुरी बारा रुपये करावी लागली. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. कागद, पेन्सिल आणि अन्नाच्या उष्मांकांचा तक्ता एवढेच लागले.

हा तक्ता काय सांगतो तेही पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८९ साली ठरवलेल्या मापाने साठ किलो वजनाच्या बैठ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २४०० उष्मांक लागतात, जड काम करणाऱ्याला ३८००. म्हणजे डवरा धरणाऱ्या माणसाला कारकुनाच्या दीडपट भाकरी लागते. ही भाकरी कोणाच्या खर्चात धरली?

इथे काही कास्तकार म्हणतील, मजुरी वाढवून आमचे काय भले झाले? वेचणीची मजुरी किलोमागे इतकी झाली की कापूस झाडावर राहिलेला बरा. मीही बैठकीत हे ऐकतो. पण हिशेबाची दुसरी बाजू पाहा. कृषी मूल्य आयोग कापसाचा, ज्वारीचा उत्पादनखर्च काढतो, तेव्हा तुमच्या घरच्या बाईची, पोराची, तुमची स्वतःची मेहनत गावातल्या मजुरीच्या दराने धरतो. मजुराचे पोट कमी मोजले की मजुरी कमी ठरते, मजुरी कमी ठरली की तुमची मेहनत स्वस्त ठरते, आणि मेहनत स्वस्त ठरली की कपाशीचा खर्चच कमी दिसतो. २०१८ पासून सरकार म्हणते, खर्चाच्या दीडपट भाव देतो. पण तो खर्च आहे रोखीचा खर्च अधिक घरची मेहनत. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज त्यात नाही. म्हणजे दीडपट कशाच्या, तर आधीच कापलेल्या आकड्याच्या. मजूर आणि कास्तकार एकमेकांच्या उरावर बसतात आणि आकडा मोजणारा बाजूला उभा राहून पाहतो.

तेच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून आपल्या गडचिरोलीत आहेत. सर्च आणि शोधग्राम ही नावे ठाऊक नाहीत असा माणूस आपल्या दोन जिल्ह्यांत सापडणे कठीण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली वगैरे गोष्टी वर्तमानपत्रांत येऊन गेल्या. त्या मला इथे सांगायच्या नाहीत. मला त्यांच्या कामाची रीत सांगायची आहे, कारण ती रीत शेतीला लागू पडते.

गडचिरोलीत आल्यावर त्यांनी आधी सिकलसेलचा शोध घेतला. आजार खरा होता, शोध खरा होता, पण लोकांच्या जगण्यात त्याने फारसे काही हलले नाही. प्रश्न संशोधकांनी निवडला होता, लोकांनी नव्हे, हा धडा त्यातून घेतल्याचे त्यांनीच पुढे सांगितले आहे. मग ते लोकांना विचारू लागले. बाया राणीताईंशी अंगावर जाण्याच्या, पाळीच्या, कंबरदुखीच्या गोष्टी बोलू लागल्या. दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली, तेव्हा शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधीही तशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. १९८९ साली हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाला कळले की खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे. बाया तर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होत्या. त्यांना विचारले नव्हते, एवढेच.

नंतर पोरांच्या मृत्यूचा प्रश्न. न्यूमोनियाने पोर दगावते, आणि न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते. गावच्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत. शहाण्या माणसाने म्हटले असते, सुईण अडाणी, आता डॉक्टर पाठवा. यांनी काय केले? एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ घेतले, शेजारी मणी ओवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणारी बाई निदान करू लागली. आमच्या विद्यापीठाने शेतकऱ्यासाठी असे एखादे अवजार कधी केले असते तर मी नोकरी सोडली नसती.

आणि मग नवजात बाळांचा प्रयोग. १९९३ पासून दोन वर्षे गडचिरोलीतल्या गावांत फक्त मोजणी केली. जन्मलेल्या दर हजार बाळांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांत किती जातात? उत्तर आले ६२. नंतर ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. बाळंतीण घरातच, आणि ही बाई दारात. बाळ रडले नाही तर श्वास कसा द्यायचा, थंड पडले तर ऊब कशी द्यायची, पाजायचे कसे, जंतुदोष झाला हे ओळखायचे कसे, आणि वेळ पडली तर इंजेक्शन कसे द्यायचे. दुसऱ्या ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था होती तशीच राहिली, तिथे जन्म-मृत्यूची नोंद तेवढी ठेवली. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत ६२ चा आकडा साडेपंचवीसवर आला. ४७ गावांशी ताडून पाहता घट शंभरात ६२ ची. जंतुदोष झालेल्या बाळांत पूर्वी शंभरात सोळा-सतरा जात, ते तिनाच्या आत आले. खर्च एका बाळामागे सव्वापाच डॉलर. १९९९ साली तेही लॅन्सेटमध्ये छापले गेले. मोठमोठे डॉक्टर म्हणत होते, चौथी-पाचवी शिकलेली बाई इंजेक्शन देणार म्हणजे अनर्थ. शेवटी २०११ साली भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत देशभरातल्या आशाताईंकडे सोपवली. आज नाशिकपासून नागालँडपर्यंत कोणत्याही खेड्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, त्याची वाट गडचिरोलीतून निघाली आहे.

त्या ४७ गावांकडे जरा नीट पाहा. कास्तकाराला हे समजावून सांगावे लागत नाही. खत घातल्याने पीक आले की पाऊस चांगला म्हणून आले, हे कळायचे तर दोन तास बिनखताचे सोडावे लागतात. ज्या संशोधनात हे सोडलेले तास नाहीत, त्याच्या बातमीवर विश्वास ठेवू नये. आणि तास सोडले तरी ते कोणाच्या वावरात, हे विचारावे.

आता माझी कबुली. पदवी घेऊन मी एका बियाणे विकणाऱ्या कंपनीत लागलो. बीटी कापसाला २००२ साली देशात परवानगी मिळाली होती, आणि आमच्या भागात पाकिटांवर झुंबड होती. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी, आणि सोबत १२० ग्रॅमचे लहान पाकीट बिनबीटीचे. ते कडेने पाच ओळी लावायचे असा नियम. का? बीटीचे विष पचवणारी एखादी अळी निघालीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून विष न पचवणारा पतंग जवळ मिळावा, म्हणजे पुढची पिढी पुन्हा मरणारी निघेल. हे शास्त्र मला ठाऊक होते. परीक्षेत लिहिले होते. पण शेतकऱ्याला सांगताना मी भाव, बोंडे, एकरी क्विंटल एवढेच सांगत असे. लहान पाकिटाचे कोणी विचारले तर म्हणे, लावा नाहीतर नका लावू. लोकांनी ती धुऱ्यावर फेकली. मी ती फेकलेली पाहिली आणि गाडी पुढे नेली.

पुढचे तुम्ही जाणता. गुजरातेत गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटीला दाद दिली नाही, हे २०१० साली जाहीर झाले. दोन जनुकांच्या बीटीचेही काही वर्षांत तेच झाले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे फोडली की आत किडकी सरकी. अळी निसर्गाने हुशार झाली हे खरे, पण तिला शिकवले आपणच. लांब मुदतीचे संकरित वाण, पाण्याची सोय असलेल्याने मार्च-एप्रिलपर्यंत ठेवलेली फरदड, आणि धुऱ्यावर फेकलेली लहान पाकिटे.

हेच जनुक, हीच अळी अमेरिकेत ॲरिझोनातही होती. तिथे शेतकऱ्यांनी बिनबीटीचे पट्टे नियमाने लावले, आणि २००६ पासून विमानातून नपुंसक पतंग सोडले. त्या कामामागे कापूस शेतकऱ्यांच्या वर्गणीवर चालणारी त्यांची स्वतःची संस्था होती. २०१८ साली अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. त्यांची शेते अफाट आणि ओलिताची, आपली तीन-चार एकर कोरडवाहू. विमान आपल्याला परवडणार नाही. पण बियाणे तेच असताना एका ठिकाणी अळी संपते आणि दुसऱ्या ठिकाणी कास्तकार संपतो, तेव्हा फरक बियाण्यात शोधून कसा चालेल?

त्याच २०१७ साली वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्यापेक्षा उंच, पंप पाठीवर, वारा तोंडावर, दोन-तीन औषधे एकत्र. एखादे औषध अळीच्या किती टक्के मारते ते डब्यावरच्या माहितीत असते. चाळीस अंशांत, बिनमास्क, बिनहातमोज्याचा माणूस ते दिवसाला आठ तास फवारतो तेव्हा त्याच्या रक्तात किती जाते, हे त्या वावरांत कोण मोजत होते? शेतीचे संशोधन शेतात थांबले, वैद्यकाचे संशोधन दवाखान्याच्या दारात सुरू झाले, आणि मधल्या रस्त्यावर माणसे पडली.

म्हणून संशोधनाला पाठ दाखवा असे मी म्हणत नाही. उलट जे कामाचे आहे ते आपण उचलत नाही, हीच माझी तक्रार आहे. एकरी दोन कामगंध सापळे लावा. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठ-आठ नर पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करा, हे साधे माप आहे. डोमकळ्या तोडून जाळणे, डिसेंबरअखेर पीक आवरून फरदड न ठेवणे, पऱ्हाट्या वावरात रचून न ठेवणे, यात कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हलक्या जमिनीसाठी दाट लागवडीचे प्रयोग केले. साठ सेंटिमीटरवर तास, दहा सेंटिमीटरवर झाड, लवकर येणारे सरळ वाण. लवकर बोंडे, लवकर वेचणी, अळीला मुदतच मिळत नाही. कोरपना-जिवतीच्या मुरमाड उतारावर याचा विचार झालाच पाहिजे. पण एकाच वर्षी साऱ्या वावरात नाही. चार तास करून पाहा, बाकी नेहमीचे ठेवा.

आपल्यात संशोधक नाहीत असेही कोणी समजू नये. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या ओंब्या पाहिल्या, बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ निघाला. नाव दिले हातावरच्या घड्याळाचे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये त्याच जातीवरून 'पीकेव्ही-एचएमटी' बाहेर काढला आणि श्रेय कोणाचे यावर बरीच वर्षे वाद चालला. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले. दीड एकराचा धनी, पण त्यांनी निवडलेला तांदूळ दूरदूरच्या बाजारपेठांत गेला.

ज्वारीबद्दलही दोन शब्द. परभणीच्या विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने मिळून २०१८ साली 'परभणी शक्ती' वाण दिला. किलोमागे लोह ४५ मिलिग्रॅम, जस्त ३२ मिलिग्रॅम, नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरेच जास्त. आपल्या बायांच्या रक्ताला याची गरज आहे, संशोधन स्तुत्य आहे. पण आपण ज्वारी का सोडली? लोह कमी होते म्हणून नाही. खरिपाचे कणीस पावसात काळे पडते, रानडुकरे रातोरात वावर झोपवतात, जंगलाच्या कडेला राखण करताना माणसाचा जीव जातो, आणि बाजारात भाव नाही. दाण्यातले लोह मोजणाऱ्याने राखणीच्या रात्री मोजल्या असत्या तर ताईने सोयाबीन का पेरला ते त्याला कळले असते.

आता आपण काय करायचे? जिल्हा बैठकीत मी ठराव मांडणार नाही. वह्या आणणार आहे. प्रत्येक गावातून दोन वह्या. पहिलीत वावराची नोंद: कपाशी कोणत्या वाणाची, पेरणी केव्हा, सापळ्यात रोज किती पतंग, फवारणी कोणत्या तारखेला, कोणते औषध, पंप किती. दोन तास फवारणीविना सोडा, त्यातली वीस बोंडे दर पंधरवड्याला फोडा, आणि किडकी किती ते फवारलेल्या तासांच्या शेजारी लिहा. दुसरीत माणसाची नोंद: वावरात गेले किती वाजता, आले किती वाजता, फवारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डोके दुखले काय, उलटी झाली काय, वेचणारीने किती किलो वेचला, घरच्या माणसांच्या मेहनतीचे दिवस किती. वहीत कोणाचे नाव घालू नका, खुणेचा आकडा घाला, म्हणजे सावकाराला नि दुकानदाराला घरचे कळायचे नाही. घरच्या मेहनतीचे हे दिवस पुढल्या वर्षी भावाच्या सुनावणीला उपयोगी पडतील. तिथे आजवर आपण घोषणा घेऊन जात होतो.

पहिली वही त्या शुगरवाल्या बाईच्या गावी देऊन आलो. लिहिणार कोण, असे तिने विचारले. आठवीतली नात पुढे आली. पहिल्या पानावर तिने आजीपुढे आकडा घातला, आणि लिहिले: सकाळी पावणेसात, सायंकाळी साडेपाच, एकतीस किलो, कंबर दुखते.

वह्या बैठकीच्या जागी दाराशीच मिळतील. येताना पेन्सिल आणा, पेनाची शाई दवात पसरते.